सुताची तोफ

सुरतेला उन्हाळ्यात भर दुपारी वीज जाते तेव्हा साऱ्या गल्लीतले माग एका दमात थांबतात. जे उरतं त्याला शांतता म्हणवत नाही. कानाच्या आत काहीतरी चालूच राहतं, बाहेरचं यंत्र थांबल्याचं त्याला कुणी कळवलेलंच नसतं. माणसं कोपऱ्यावर चहाला जातात. मी मागापाशीच बसून राहतो. हाताशी रिकामी कांडी असली तर ती फरशीवर उभी करतो, बोटानं पाडतो, पुन्हा उभी करतो. कुणी विचारलं तर तब्येत बरी आहे म्हणतो. ती बरीच असते.

कांडी म्हणजे बाण्याचं, आडवं सूत गुंडाळायची वीतभर लाकडी काठी. ती धोट्याच्या पोटात बसते, धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे पळतो, आणि कापड होतं. सोलापुरात मी आधी कांड्याच भरायचो. सातवीनंतर शाळा सोडली आणि करमाळ्याकडच्या आमच्या गावाहून एसटीत बसून आलो. शाळा सोडू नको असं वडील म्हणाले होते, पण म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. त्यांचं म्हणणं खरं धरावं की न पाहणं, हे मला तेव्हा कळलं नाही. अजूनही नीट कळलेलं नाही.

दुष्काळाचं वर्ष होतं. धरणात पाणी नाही म्हणून वीज नाही, आणि वीज नाही म्हणून माग नाहीत, एवढं सरळ गणित. घरी आई-वडील दोघंही खडी फोडायला जात होते. माग बंद राहिले आणि मालकानं घरी जा म्हटलं, तर त्या खडीवर आणखी एक तोंड जाऊन बसणार होतं, ते माझं. त्यामुळे सकाळी कारखान्यातच डोळा उघडला की मी आधी पत्र्याकडे बघायचो. छपराच्या एका भोकातून उन्हाची दांडी खाली यायची आणि तिच्यात सुताचं तूस तरंगायचं. माग चालू असले की ते तूस थरथरतं. त्या उन्हाळ्यात ते नुसतं तरंगत होतं. मला ते बघून भीती वाटायला हवी होती. भीती होती, पण ती कुठंतरी लांब ठेवल्यासारखी होती, जशी आपली पेटी दुसऱ्याच्या घरी ठेवावी.

कारखाना म्हणजे एक लांबट शेड. मालक नरसय्याअण्णा, घरी तेलुगू बोलणारे, आमच्याशी मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. वीज नसताना ते माणसांना चहा पाजायचे आणि शेडमध्ये बसू द्यायचे. बाहेरच्यांना तो मोठेपणा वाटायचा. अण्णा स्वतःच सांगायचे की मोठेपणा वगैरे काही नाही. "एकदा का तुमी भिवंडीच्या मागांवर गेला की परत कोण येतंय? बसा की हितंच. झोपा, खेळा, काय पण करा."

म्हणून आम्ही खेळायचो.

खेळाला आम्ही लढाईच म्हणायचो. फरशीवर खडूनं चौकटी आखायच्या. दोन्ही बाजूंना रिकाम्या कांड्या उभ्या करायच्या, ते शिपाई. सगळ्यांच्या मागं मोडक्या धोट्याचा एक तुकडा उभा, तो राजा. आळीपाळीनं एक शिपाई एक घर सरकवायचा. समोरचा आडवा आला की मारायचा. आणि शिपाई सरकवायचा नसेल त्या पाळीला तोफ डागायची. तोफ म्हणजे गोटी. अंगठ्यावरून तर्जनीची टिचकी मारायची, जे पडेल ते मेलं. राजा पडला की लढाई संपली. सगळी शेड भोवती बसलेली असायची, आणि प्रत्येकाला काहीतरी सुचवायचं असायचं.

त्या खेळात सिद्रामप्पासारखा सेनापती नव्हता. आम्ही त्यांना नुसतं अप्पा म्हणायचो. अक्कलकोटकडचे, बोलताना वाक्याच्या शेवटी कानडी हेल. गावाहून आलो तेव्हा एसटी स्टँडवर मी पत्ता विचारत फिरत होतो, तो पत्ता निघाला चुकीचा, आणि ज्या माणसाला विचारलं तो मला हाताला धरून इथं घेऊन आला. तेच हे. कांड्या भरायला त्यांनीच शिकवलं. पहिले कित्येक दिवस कडक भाकरी आणि शेंगाचटणी मी त्यांच्याच डब्यातली खाल्ली. उपकार हा शब्द मी त्यांच्यासमोर एकदा वापरला होता. "जेव की गप," एवढंच म्हणाले.

त्या उन्हाळ्याच्या आदल्या हिवाळ्यात अप्पांच्या मागावरचा धोटा उडाला होता. धोट्याला दोन्हीकडून ठोका बसतो. एका बाजूचा ठोका जास्त झाला की धोटा वाट सोडून बाहेर येतो आणि त्याच्या टोकाला लोखंड असतं. तो अप्पांच्या उजव्या मनगटावर बसला. जखम भरली. पण अंगठा आणि तर्जनी बधिर झाली ती झालीच. मी एकदा बघितलं होतं, अप्पा त्या दोन बोटांत बिडी धरून बसले होते आणि ती चटक्यापर्यंत आली तरी त्यांना कळलं नव्हतं.

मागवाल्याला नेमकी हीच दोन बोटं लागतात. ताण्याचा धागा तुटला की दोन टोकं चिमटीत धरून गाठ मारायची. गाठ बारीक हवी, चपटी हवी, मागाच्या फणीतून न अडखळता जायला हवी. अप्पांना ती मारता येत नव्हती. माझा कांड्यांचा चरखा त्यांच्या मागाला लागून होता. धागा तुटला की अप्पा माग थांबवायचे, खोकायचे, आणि मी उठून गाठ मारून परत बसायचो. कुणी पाहिलं का, माहीत नाही. निदान बोललं नाही कुणी. मालकाला कळलं तर अप्पांचा माग जाणार, हे आम्हा दोघांना माहीत होतं, आणि त्या उन्हाळ्यात तर अण्णांनी सांगूनच टाकलं होतं की वीज आली तरी निम्मेच माग चालतील. कुठले निम्मे, हे सांगितलं नव्हतं.

टिचकीलाही तीच दोन बोटं लागतात. अप्पा डाव्या हातानं मारायचे आणि गोटी भलतीकडे जायची. समोर बहुतेक उस्मानभाई असायचे. शेजारच्या मागावरचे, अप्पांच्याच वयाचे, जिभेला हाड नाही असे.

"क्या अप्पा, तोप चलारे की पोरगी देखने जारे? इतना शरमाके?"

"तुझा राजा बघून दया आली बे," अप्पा म्हणायचे. "म्हातारा हाय बिचारा."

हसायचे सगळे. अप्पाही हसायचे. पण हळूहळू ते चौकटीपासून मागं सरकून बसायला लागले. मग खांबाला टेकून. मग म्हणाले, तुमी खेळा, मी बघतो.

तेव्हा मी तोफ करायला घेतली. कुणासाठी ते कुणाला सांगितलं नाही. अप्पांनाही नाही.

मोडका धोटा आडवा ठेवला. त्याच्या पोटाच्या पोकळीत बांबूची पातळ कांब उभी रोवली. कांब मागं वाकवून सुताच्या दोऱ्यानं धोट्याच्या शेपटातल्या बारीक खाचेतून बांधली, आणि समोर गोटी ठेवली. दोरा कातरीनं कापला की कांब सुटते आणि गोटी जाते. टिचकी नको, बोटांतला जोर नको. कातर डाव्या हातानंही चालते. दोऱ्याची वळी मी आधीच बांधून ठेवली होती, म्हणजे एक कापलं की दुसरं अडकवायचं. पहिल्यांदा डागली तेव्हा गोटीनं उस्मानभाईंचे तीन शिपाई पाडले, राजाला घेऊन ती भिंतीवर आपटली आणि सुताला लावायच्या खळीच्या बादलीत गेली. खळीचा आंबूस वास साऱ्या शेडभर उठला. अप्पा खांब सोडून पुढं आले.

"ही कुणी केली?"

"मी."

त्यांनी कांब डाव्या हातानं दाबून पाहिली. "लई तापट हाय की," म्हणाले. पण बसले ते चौकटीपाशीच.

दोन दिवस अप्पा जिंकत होते आणि तिसऱ्या दिवशी खेळायला कुणी नव्हतं. असं होईल हे मला सुचलंच नव्हतं. ज्याच्याकडे तोफ तो जिंकणार, मग शिपाई सरकवायचे कशाला? उस्मानभाई पाठ करून झोपले. दोघं-तिघं जण बाहेर झाडाखाली बसून भिवंडीच्या गाड्या कधी असतात ते बोलत होते. अण्णांनी ते ऐकलं. मला म्हणाले, "एमिरा, काय रे, चांगला खेळ चालला होता. बिघडवलास ना?"

मग मी दुसरी तोफ केली, हुबेहूब पहिलीसारखी. दोन्ही कांबी एकाच बांबूच्या, दोन्ही दोरे एकाच नंबरच्या सुताचे. सगळे म्हणाले, आता झालं बरोबर. मागावर दोन्हीकडचा ठोका सारखा असला की धोटा नीट पळतो, म्हणून आम्हा मागवाल्यांना तोल म्हणजे दोन्हीकडे सारखं, एवढंच ठाऊक. आणि झालं काय, तर ज्याची पहिली पाळी तो जिंकायचा. लढाई सुरू व्हायच्या आत संपायची. तोफा अगदी सारख्या होत्या आणि खेळ अगदी बिघडलेला होता.

बारीक सूत लावून पाहिलं. कांबीचा ताण त्याला पेलेना. दोरा आपोआप तुटायचा आणि गोटी आपल्याच राजाच्या पायात घोटाळायची. कांब तासून मऊ केली तर गोटी दोन घरांत दमायची, त्यापेक्षा टिचकी बरी. मी दिवसभर तेच करत बसायचो. इतकं मन लावून मी शाळेत काही केलं असतं तर, असं आता मनात येतं. पण तिथं कुणाचं काही अडलेलं नव्हतं.

उपाय उस्मानभाईंनाच सुचला. झोपल्या जागेवरून, डोळे न उघडता म्हणाले, "ये तैयार वळी नक्को. धागा कटा तो वहीच धागा जोडना. मागपे जोडते वैसा. और जोडते तक सामनेवाला चलता रहेगा, एक के बाद एक."

शेडमध्ये एकदम जाग आली. मागवाल्यांना तो नियम ऐकताक्षणी पटला. तोफ डागा, पण डागली की धागा तुटणार, आणि तुटला की गाठ मारेपर्यंत तुमचं सगळं थांबणार. शिवाय प्रत्येक गाठीनं दोरा थोडा आखूड होतो, म्हणजे कांब जास्त वाकते, म्हणजे पुढचा मारा आधीपेक्षा जोराचा आणि आधीपेक्षा बेभरवशाचा. डागावी की न डागावी, हा विचार पहिल्यांदा खेळात आला. मी एवढे दिवस जे शोधत होतो ते हेच, हे मला कळत होतं. आणि अप्पांच्या उजव्या हाताकडे न बघता मी म्हणालो, "न्हाय जमायचं."

"का बे?"

"गाठ अडकती. खाच बारीक हाय."

"बारीक मार मग. मागपे फणी में से जाती, तेरे खाचे में नै जाती?"

"माझी न्हाय जात."

"इतने दिन हो गये, और गाठ नै आती तेरेकू?" उस्मानभाई उठून बसले. सगळे हसले. अण्णाही दाराशी उभे होते, ते हसले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. कांडीवाल्याला गाठ येत नाही, हे मालकानं ऐकणं माझ्या फायद्याचं नव्हतं. पण खोटं एकदा बोललं की ते धरून ठेवावं लागतं. मी मान खाली घातली. काही वाटत नव्हतं. फरशीवरचा खडू तेवढा दिसत होता.

"नियम चांगला हाय," अप्पा म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. ह्यो माझ्या बाजूला बसंल. मी डागतो, ह्यो बांधंल. तुमी पण एक-एक घ्या बांधणारा."

तसं ठरलं. एक डागणारा, एक बांधणारा. मी अप्पांच्या उजव्या हाताला बसायचो, मागापाशी बसायचो तसाच. आणि खेळ असा काही रंगला की भिवंडीच्या गाड्यांचं नाव निघेना. ऊन पत्र्यावर कडकडायचं, पाण्याचा टँकर आला की निम्मी शेड हंडे घेऊन पळायची आणि उरलेली निम्मी कुणी शिपाई सरकवत नाही ना म्हणून राखणीला बसायची. अप्पा एक मारा डागायचे आणि मी गाठ मारेपर्यंत नुसते शिपाई असे मांडायचे की समोरच्याला घाई करूनही काही हाती लागू नये. तोल म्हणजे काय, ते मला तिथं थोडं समजलं. जे जोरदार आहे त्याची किंमत तिथल्या तिथं मोजावी लागली, की खेळ राहतो. हे कळूनही मला आनंद असा झाला नाही. बरं वाटलं असावं. त्या उन्हाळ्यातलं माझं सगळंच 'असावं' असं आहे.

मग वीज यायची म्हणून बातमी आली. आठवड्यातले काही दिवस, काही तास. त्या दुपारी अण्णा प्रथमच चौकटीपाशी येऊन बसले, पोत्यावर, पाय पसरून. ते आज काहीतरी ठरवणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणून कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. लढाई अप्पा आणि उस्मानभाईंची. उस्मानभाईंचा राजा उघडा पडला होता. अप्पांनी डागली. गोटी राजाच्या अंगाला घासून गेली, राजा डुलला आणि उभा राहिला.

"बुढ्ढा है, मगर खडा है," उस्मानभाई म्हणाले.

मी दोऱ्याची टोकं घ्यायला हात पुढं केला. अप्पांनी माझा हात मनगटानं बाजूला सारला.

"मी मारतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी दोन्ही टोकं उचलली. डावीकडचं टोक नीट धरलं होतं. उजवीकडचं अंगठा आणि तर्जनीत होतं, पण ते धरलंय की नाही हे त्यांना बघावं लागत होतं. एकावर एक ठेवलं, सुटलं. परत ठेवलं. दोरा थुंकीनं ओला केला. नियमाप्रमाणे उस्मानभाईंनी आता एकामागून एक शिपाई पुढं न्यायचे होते. अप्पांच्या राजापुढचं मैदान मोकळं होतं. उस्मानभाईंचा हात त्यांच्या गुडघ्यावर होता आणि तो तिथंच राहिला.

"आडु, उस्मान," अण्णा म्हणाले. खेळ, म्हणजे.

"ठैरो सेठ. तोप भररी."

कुणी सुचवत नव्हतं. एवढ्या माणसांत एकानंही काही सुचवू नये असं त्या खेळात आधी कधी झालं नव्हतं. मी अप्पांच्या बोटांकडे बघत होतो आणि माझी बोटं मांडीवर आपोआप ती गाठ मारत होती. शेवटी गाठ बसली. अप्पांनी दोरा ओढून पाहिला आणि ती सुटली. अगदी सहज, जणू नव्हतीच. त्यांनी दोऱ्याचे दोन्ही तुकडे फरशीवर शेजारी शेजारी ठेवले.

"अण्णा," ते म्हणाले, "बोटं ऱ्हायली न्हाईत. धोटा लागल्यापासनं. हिवाळाभर ह्योच मारत हुता माझ्या गाठी. ह्याला गाठ येती. लई चांगली येती. वीज आली की माझा माग ह्याला द्या."

अण्णांनी दोऱ्याचा एक तुकडा उचलून पाहिला. "सरे, ठीक हाय," म्हणाले. मग, "आणि तू?"

"तुमी सांगाल ते."

"घडीच्या फळीवर बस, माल तपास. डोळे चांगले हायत की अजून."

"व्हय. डोळे हायत."

उस्मानभाईंनी विचारलं, "बारी किसकी?"

"तुझीच," अप्पा म्हणाले.

मग उस्मानभाईंनी एक शिपाई सरकवला. एकच.

मला काय वाटलं, हे मी तेव्हापासून कितीतरी वेळा स्वतःला विचारलं आहे. मला माग मिळाला होता. खडीवर जायचं टळलं होतं. पुढं त्याच मागाच्या आधारावर मी सुरतेपर्यंत आलो, घरी पैसे पाठवले, बहिणीचं लग्न झालं. हे सगळं त्या दुपारी त्या फरशीवर ठरलं आणि मी पाण्याच्या माठाकडे जाऊन पाणी प्यालो, एवढंच मला आठवतं. पाणी कोमट होतं. अप्पांजवळ जाऊन काही बोलावं असं मनात होतं, पण काय बोलायचं? ते मला पुन्हा जेव की गप म्हणाले असते.

वीज आली ती सकाळी. माग एकदम सुरू झाले आणि फरशी हलायला लागली, कडेला ठेवलेल्या कांड्या आपोआप पडल्या. त्या कुणी उचलल्या नाहीत. मी अप्पांच्या मागावर उभा होतो. पट्टा, दांडा, सगळीकडे त्यांच्या हाताचा गुळगुळीतपणा होता. शेडच्या त्या टोकाला फळीवर अप्पा बसले होते. मागाच्या आवाजात इथलं तिथं ऐकू जात नाही.

चादर पुरी झाली तशी कापून मी ती त्यांच्याकडे घेऊन गेलो. माझ्या हातची पहिली. अप्पांनी ती फळीवर पसरली, तळव्यानं सपाट केली, आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश डोळे फिरवले. मधे एका जागी थांबले. तिथं ताण्याचा एक धागा तुटला होता आणि मला ते उशिरा दिसलं होतं. बोटभर लांबीची विरळ रेघ, बाकी काही नाही. दुसऱ्या कुणाला दिसली नसती.

त्यांनी खडू घेतला, रेघेवर खूण केली, आणि चादर घडी घालून सेकंडच्या, म्हणजे डागी मालाच्या ढिगावर टाकली.

"गाठ बरी हाय," म्हणाले. "माग उशिरा थांबवलास. जा, दुसरी आण."